स्केटबोर्डिंग

चार लहान चाके बसविलेल्या आखूड फळीवर उभे राहून, एका पायाने जमिनीला रेटा देत किंवा उताराचा उपयोग करून पुढे जाण्याचा आणि त्या ओघात उड्या, वळणे, गिरक्या इ. कौशल्ये करून दाखविण्याचा क्रीडाप्रकार. चाकांच्या बुटांवरील स्केटिंगशी त्याचे जवळचे नाते असले, तरी येथे पाय फळीला बांधलेले नसतात. फळी आणि खेळाडू यांच्यातील संबंध केवळ घर्षण, तोल व पावलांची हालचाल यांवर टिकून असतो. या खेळाला मैदानाची ठरावीक मापे नाहीत, संघ नाहीत व पंचांची सक्तीही नाही. मात्र गुळगुळीत, कठीण व अखंड पृष्ठभागावाचून तो खेळता येत नाही. असा पृष्ठभाग कोठे व कोणाला उपलब्ध झाला, यावरच या खेळाचा प्रसार अवलंबून राहिला आहे. मोठ्या शहरांत तो रुजला आणि खेड्यापाड्यांत तुरळक राहिला, याचे मुख्य कारण हेच होय.

साधन : प्रचलित स्केटबोर्डची फळी साधारणतः ७५ ते ८५ सेंमी. लांब व सु. २० सेंमी. रुंद असते. मॅपल वृक्षाच्या लाकडाचे पातळ पापुद्रे, बहुधा सात, एकमेकांवर चिकटवून व दाबून ती तयार करतात. तिची दोन्ही टोके वर वळलेली असतात. पावले घसरू नयेत म्हणून वरच्या बाजूस वाळूच्या कागदासारखे खरखरीत आवरण चिकटविलेले असते. फळीच्या खालच्या बाजूस पुढे व मागे एकेक धातूचा आधार असतो. त्यास ‘ट्रक’ म्हणतात. ट्रकमध्ये आस बसविलेला असून त्याच्या दोन्ही टोकांस चाके असतात. आस व बैठक यांच्यामध्ये लवचिक गुटके असतात. खेळाडूने शरीराचा भार फळीच्या एका कडेकडे टाकला, की हे गुटके दबतात व तिरप्या बैठकीमुळे आस त्या दिशेस वळतो. स्केटबोर्डला सुकाणू नसते, ते याच कारणाने. झुकणे हेच वळविणे होय.

रस्त्यावरील व उद्यानातील खेळासाठी वापरावयाची चाके बहुधा ५० ते ५६ मिमी. व्यासाची असून ती पॉलियुरेथेन या लवचिक बहुवारिकाची असतात. प्रत्येक चाकात दोन बेअरिंगा बसवितात. त्यांचा बाहेरील व्यास २२ मिमी., आतील व्यास ८ मिमी. व रुंदी ७ मिमी. असते. याच मापाच्या बेअरिंगा लहान विद्युत् चलित्रांत व अन्य यंत्रांतही सर्रास वापरल्या जातात.

इतिहास : या खेळाचा उगम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या किनारी भागात, १९५० नंतरच्या दशकात झाला. समुद्राच्या लाटांवर फळीने तरंगत जाण्याचा खेळ तेथे लोकप्रिय होता. लाटा नसतील त्या दिवशी तोच आनंद पदपथावर मिळावा, म्हणून मुलांनी जुन्या स्केटची चाके लाकडी फळीला ठोकून गाड्या बनविल्या. १९६० च्या सुमारास असे स्केटबोर्ड बाजारात आले. परंतु त्यांची चाके धातूची किंवा भाजलेल्या मातीसारख्या मिश्रणाची होती. एखादा खडा आडवा आला, तरी चाक जागीच थांबे व खेळाडू पुढे फेकला जाई. अपघात वाढले, अनेक नगरपालिकांनी रस्त्यांवर हा खेळ खेळण्यास मनाई केली आणि १९६५ नंतर त्याची लाट ओसरली.

त्याचे पुनरुज्जीवन झाले ते दोन कारणांनी. पहिले कारण तांत्रिक होते. फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पॉलियुरेथेनची चाके स्केटबोर्डसाठी प्रचारात आणली. ही चाके पृष्ठभागाला धरून राहतात, बारीक खड्यांवरून जातात व धक्के शोषून घेतात. तत्पूर्वी लॅरी स्टीव्हनसन याने फळीचे मागील टोक वर वळविण्याची कल्पना काढली होती. त्यामुळे मागच्या पायाने फळी उचलणे व झटकन वळविणे शक्य झाले. दुसरे कारण निसर्गाने घडविले. १९७६–७७ मध्ये कॅलिफोर्नियात तीव्र अवर्षण पडले व घरोघरच्या अंगणांतील पोहण्याचे तलाव कोरडे राहिले. या तलावांचे तळ व भिंती यांचा सांधा गोलाकार व गुळगुळीत होता. मुलांनी तेथे शिरून भिंतीवर चढण्या-उतरण्याचा खेळ सुरू केला. सँटा मोनिका परिसरातील ‘झेफर’ या संघाचे खेळाडू त्यात अग्रेसर होते. आज स्केटबोर्ड-उद्यानात जो कढईसारखा खोलगट भाग बांधतात, तो मूलतः या रिकाम्या तलावांची प्रतिकृती आहे.

१९७६ पासून अमेरिकेत बांधीव स्केटबोर्ड-उद्याने सुरू झाली. परंतु विम्याचा वाढता खर्च व अपघातांची जबाबदारी यांमुळे त्यांतील बरीच पुढील काही वर्षांत बंद पडली. खेळाडू पुन्हा रस्त्यावर आले. पायऱ्या, कठडे, बाके व चौक यांनाच त्यांनी साधन मानले. खेळाची ‘पथ’ शाखा यातून विकसित झाली. १९९५ पासून ‘एक्स गेम्स’ या स्पर्धांमुळे दूरचित्रवाणीवरून हा खेळ जगभर पोहोचला. त्याच स्पर्धेत २७ जून १९९९ रोजी टोनी हॉक याने हवेत अडीच गिरक्या, म्हणजे ९०० अंश, पूर्ण करून दाखविल्या. अनेक प्रयत्न फसल्यानंतर त्याला हे यश लाभले होते.

कौशल्ये : डावा पाय पुढे ठेवून उभे राहणाऱ्यास ‘रेग्युलर’ व उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यास ‘गूफी’ म्हणतात; यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद नाही. या खेळाचे मूळाक्षर म्हणजे ‘ऑली’ ही उडी. फ्लॉरिडा येथील ॲलन गेलफांड याने १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती खोलगट बांधकामाच्या भिंतीवर साधली व रॉडनी मलन याने काही वर्षांनी ती सपाट जमिनीवर आणली. हातांचा स्पर्श न होता फळी पायांबरोबर हवेत उचलली जाते, हे पाहणाऱ्यास कोडे वाटते. वस्तुतः त्यात दोन क्रिया असतात. मागील पायाने फळीचे टोक जमिनीवर आपटले, की पुढील टोक उसळते. त्याच क्षणी पुढील पाऊल खरखरीत आवरणावरून पुढे घासत नेले, की मागील टोकही वर खेचले जाऊन फळी आडवी होते. शरीर त्या वेळी हवेत असल्याने फळी पायांना चिकटल्यासारखी दिसते. या उडीवर फळी उलटीपालटी करण्याचे, कठड्यावरून घसरत जाण्याचे आणि पायऱ्या ओलांडण्याचे पुढील प्रकार आधारलेले आहेत.

पडणे हा या खेळातील अपवाद नसून नित्याचा भाग आहे. नवशिक्या पडताना हात टेकतो. म्हणून मनगटाच्या व पुढील हाताच्या हाडांना इजा होण्याचे प्रमाण मोठे असते. डोक्यास होणारी इजा सर्वांत गंभीर. शिरस्त्राण तसेच मनगट, कोपर व गुडघे यांची संरक्षक आवरणे वापरणे आणि गुडघे वाकवून खांद्यावर लोळण घेत पडण्यास शिकणे हे प्रशिक्षणाचे पहिले धडे समजले जातात.

स्पर्धा व संघटना : चाकांवरील खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना १९२४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झाली. २०१७ मध्ये ती स्केटबोर्डिंगच्या स्वतंत्र संघटनेशी एकत्र येऊन ‘वर्ल्ड स्केट’ अस्तित्वात आली. टोकिओ येथील २०२० च्या, परंतु प्रत्यक्षात २०२१ मध्ये भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत हा खेळ प्रथमच समाविष्ट झाला. त्यात ‘पथ’ व ‘उद्यान’ असे दोन प्रकार ठेवण्यात आले. पथ प्रकारातील पहिले सुवर्णपदक जपानच्या यूतो होरिगोमे याने व महिलांत जपानच्याच मोमिजी निशिया हिने मिळविले. निशिया त्या वेळी १३ वर्षांची होती. पॅरिस येथील २०२४ च्या सामन्यांत उद्यान प्रकारात चीनची ११ वर्षांची झेंग हाओहाओ व ब्रिटनचा ५१ वर्षांचा अँडी मॅकडोनल्ड हे दोघेही आपापल्या गटांत उतरले होते. एकाच ऑलिंपिकमध्ये, एकाच खेळात वयाचे एवढे अंतर क्वचितच आढळते.

वैचित्र्ये : या खेळाशी निगडित अनेक चमत्कारिक घटना नमूद आहेत. नॉर्वेमध्ये १९७८ ते १९८९ या काळात स्केटबोर्ड विकण्यास व वापरण्यास कायद्याने बंदी होती. तेथील मुले जंगलात लपवून बांधलेल्या फळ्यांच्या उतारांवर खेळत. फिलाडेल्फिया शहरातील एक चौक स्केटबोर्डच्या खेळाडूंना बंद करण्यात आला, तेव्हा त्या चौकाची मूळ कल्पना मांडणारे नगररचनाकार एडमंड बेकन यांनी २००२ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, इतरांच्या आधाराने त्याच चौकात स्केटबोर्डवर उभे राहून निषेध नोंदविला. डॅनी वे या खेळाडूने २००५ मध्ये प्रचंड उतार उभारून चीनची भिंत स्केटबोर्डवरून ओलांडली. पेरूची राजधानी लीमा येथे २०१५ मध्ये ओट्टो नावाचा बुलडॉग जातीचा कुत्रा फळीवर उभा राहून, ओळीने पाय फाकून उभ्या असलेल्या ३० माणसांच्या पायांखालून गेला. त्याचीही विक्रम म्हणून नोंद झाली.

महाराष्ट्र व सीमाभागात अशा विक्रमांचा ओढा स्केटबोर्डपेक्षा चाकांच्या बुटांकडे, विशेषतः ‘लिंबो स्केटिंग’कडे, अधिक आहे. पाय दोन्ही बाजूंस पूर्ण फाकवून, छाती जमिनीलगत आणून आडव्या दांड्यांखालून किंवा उभ्या मोटारींखालून सरपटत जाण्याचा हा प्रकार आहे. बेळगाव येथील बालखेळाडूंनी त्यात प्रथम लौकिक मिळविला. नागपूरच्या सृष्टी शर्मा हिने २०१५ मध्ये जमिनीपासून केवळ १७ सेंमी. उंचीवरील दांड्यांखालून २५ मी. अंतर पार केले. पुण्याच्या देशना नहार या सात वर्षांच्या मुलीने २०२२ मध्ये २० मोटारींखालून १३.७४ सेकंदांत जाण्याचा विक्रम केला. कौतुक करावे असेच हे पराक्रम आहेत. तथापि विक्रम एका दिवसाचा व एका मुलाचा असतो. खेळ रुजण्यासाठी रोज मोकळी मिळणारी जागा लागते.

भारतातील प्रसार : रोलर स्केटिंगचा राष्ट्रीय महासंघ भारतात १९५५ पासून कार्यरत आहे, स्केटबोर्डिंगचा प्रसार मात्र एकविसाव्या शतकातील आहे. गोवा, बंगळूर, चेन्नईजवळील महाबलिपुरम् व केरळातील कोवळम् ही त्याची आरंभीची केंद्रे होत. ग्रामीण भागातील सर्वांत बोलके उदाहरण मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यातील जनवार या खेड्याचे आहे. तेथे जर्मन कार्यकर्त्या उलरिके राइनहार्ड यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये काँक्रीटचे स्केटबोर्ड-उद्यान बांधण्यात आले. त्याचे नियम दोनच : शाळेत जाणार नाही त्याला फळी नाही, आणि मुलींना प्रथम संधी. याच खेड्यातील आशा गोंड हिने २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथील जागतिक स्पर्धेत भाग घेतला. राजस्थानातील उदयपूरजवळच्या खेमपूर या गावी चित्रपटाच्या निमित्ताने बांधलेले उद्यान पुढे गावातील मुलांसाठी राहिले. हा ‘स्केटर गर्ल’ चित्रपट २०२१ मध्ये प्रदर्शित झाला.

गुजरातमध्ये २०२२ साली भरलेल्या ३६ व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत स्केटबोर्डिंगचा समावेश होता. त्यात महिलांच्या पथ प्रकारात महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाड हिने सुवर्णपदक पटकाविले. ती त्या वेळी १६ वर्षांची होती. महाराष्ट्रात हा खेळ मुख्यत्वे मुंबई–पुणे पट्ट्यात एकवटला आहे.

महाड–पोलादपूरचे उदाहरण : या पट्ट्याबाहेर खेळ नेताना कोणत्या अडचणी येतात, हे पाहण्यास रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर हे तालुके सोयीचे आहेत. सावित्री नदीच्या खोऱ्यात वसलेल्या या तालुक्यांस एका बाजूने सह्याद्रीची भिंत लाभली आहे. महाडहून वरंधा घाटाने भोरकडे, पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे व कशेडी घाटाने खेडकडे रस्ते जातात. समुद्रसपाटीपासून फारसे उंच नसलेले पोलादपूर आणि सु. १,३५० मी. उंचीवरील महाबळेश्वर यांतील अंतर रस्त्याने सु. ४० किमी. आहे. म्हणजे उताराची येथे वाण नाही. वाण आहे ती सपाटीची.

उताराचे हे रस्ते स्केटबोर्डसाठी मात्र सर्वथा वर्ज्य होत. परदेशांत उतारावरील शर्यती होतात व त्यांत ताशी १४० किमी.हून अधिक वेगाची नोंद झालेली आहे; परंतु त्यासाठी रस्ता वाहतुकीस पूर्ण बंद ठेवतात, वळणांवर गवताच्या पेंढ्या रचतात आणि खेळाडू चामडी पोशाख व पूर्ण शिरस्त्राण घालतात. स्केटबोर्डला गतिरोधक नसतो. फळी आडवी करून चाके घासत नेणे किंवा पाय टेकणे हेच थांबण्याचे उपाय असून भरवेगात दुसरा उपाय निरुपयोगी ठरतो. आंबेनळीसारखा अरुंद, आंधळ्या वळणांचा व खोल दरीच्या कडेने जाणारा घाट अनुभवी चालकांचीही कसोटी पाहतो. २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात बस दरीत कोसळून दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या बहुसंख्य प्रवासी कर्मचाऱ्यांचा अंत झाला. मुंबई–गोवा महामार्गावरील अवजड वाहतूकही तितकीच धोक्याची आहे. गावातील आतले रस्ते पावसाने उखडून खडी उघडी पडलेले असतात. शाळांची पटांगणे मातीची असतात. अशा जमिनीवर लहान चाकांची फळी चालत नाही.

दुसरी अडचण पावसाची. या भागात वर्षाकाठी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या महिन्यांत. पाण्याने फळीचे पापुद्रे सुटतात, बेअरिंगा गंजतात व खरखरीत आवरणाची पकड जाते. उघड्या काँक्रीटवर पावसाळ्यात शेवाळ धरते. ते खरवडून काढल्याशिवाय जागा पुन्हा खेळण्याजोगी होत नाही. खोलगट बांधकामात पाण्याचा निचरा नसेल, तर त्याचे डबके होते. महाड शहरास तर पुराची जोड आहे. २२ जुलै २०२१ रोजीच्या महापुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला व ओसरल्यावर घरोघर, रस्तोरस्ती चिखलाचे थर राहिले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून गाव उद्ध्वस्त झाले. म्हणून येथे असे बांधकाम करावयाचे, तर जागा पूररेषेच्या वर व दरडीच्या पायथ्यापासून दूर असावी लागेल. कढईसारख्या महागड्या रचनेपेक्षा पत्र्याच्या छताखालील घोटीव काँक्रीटचा सपाट चौथरा, त्यावर एकदोन बुटकी बाके व एका कडेस सौम्य उतार एवढी सोय अधिक टिकाऊ व उपयुक्त ठरेल. पावसाळ्यात तोच चौथरा शाळेस कवायतीसाठी व आपत्काळी निवाऱ्यासाठीही वापरता येतो. खर्चाचे समर्थन केवळ एका खेळाच्या नावावर करावे लागत नाही.

चाकांच्या खेळाची ओढ मात्र या भागास नवीन नाही. कोकणात पोफळीच्या झावळीच्या रुंद देठावर (विरीवर) लहान मुलास बसवून दुसऱ्याने ओढत नेणे, सायकलच्या जुन्या धावेला काठीने रेटत पळणे हे मुलांचे पिढीजात खेळ होत. महाराष्ट्रात सर्वत्र परिचित असलेली बेअरिंगची गाडी तर स्केटबोर्डची सख्खी बहीणच म्हणावी लागेल. गॅरेजमध्ये टाकून दिलेल्या बेअरिंगा लाकडी दांड्यांच्या टोकांस घट्ट ठोकतात, त्यांवर फळी बसवितात आणि पुढचा दांडा एका खिळ्यावर फिरता ठेवून त्याला सुतळी बांधतात. कॅलिफोर्नियातील मुलांनी जुन्या स्केटची चाके फळीला ठोकली, तीच ही युक्ती होय. दोन्हींत फरक पडला तो पुढे : तेथे रबरासारखी चाके व सिमेंटची गुळगुळीत जमीन मिळाली, येथे लोखंडी बेअरिंग डांबरी रस्त्यावर खडखडतच राहिली.

सामाजिक अंग : गणवेश, संघ व शुल्क यांची अट नसल्यामुळे स्केटबोर्डिंग हा तत्त्वतः सर्वांस खुला खेळ आहे. अफगाणिस्तानात २००७ साली सुरू झालेल्या ‘स्केटिस्तान’ या उपक्रमात फळीच्या निमित्ताने मुली शाळेशी जोडल्या गेल्या. त्यावरील लघुमाहितीपटास २०२० मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. लंडनमध्ये टेम्स नदीकाठच्या एका इमारतीखालील जागा खेळाडूंकडून काढून घेण्याचा बेत नागरिकांच्या चळवळीमुळे २०१४ मध्ये मागे घ्यावा लागला. या सर्व ठिकाणी वाद फळीचा नव्हता, तर जागेचा होता. सार्वजनिक चौक, बाक व पायरी हे केवळ येण्या-जाण्यासाठी व बसण्यासाठी आहेत की वाढत्या वयाच्या मुलांनी खेळण्यासाठीही, असा प्रश्न हा खेळ नगररचनेपुढे ठेवतो. आवाज, कठड्यांची झीज व पादचाऱ्यांची गैरसोय हे आक्षेपही रास्त आहेत, आणि त्यांवरील सर्वमान्य उपाय स्वतंत्र जागा नेमून देणे हाच आहे.

जनवारच्या अनुभवावरून असे दिसते, की पंधरा-वीस सामाईक फळ्या, शिरस्त्राणे, एक सपाट जागा व देखरेख करणारे एक जबाबदार माणूस एवढ्यावर खेड्यातही हा खेळ उभा राहू शकतो. बेअरिंगच्या गाडीवर तोल सावरण्यास शिकलेल्या मुलांना फळीवर उभे राहण्यास फार वेळ लागत नाही. त्यांना घाटरस्त्याच्या मोहापासून दूर ठेवण्याचा खात्रीचा मार्गही निषेधाची पाटी हा नसून, गावात चालत जाता येईल अशा अंतरावर खेळण्याजोगी जमीन उपलब्ध करून देणे हा आहे.